बर्फाच्या गावात लॉज चालवायचं म्हणता? मग घर बघायला फेब्रुवारीत या

घर बघायला फेब्रुवारीत या. जून-जुलैत नको, आणि पानं लाल होतात त्या ऑक्टोबरात तर मुळीच नको. ऑगस्टात सगळी घरं शहाणी दिसतात. आम्ही जपानातलं आमचं लॉज ऑगस्टात पाहिलं. समोर म्योको डोंगर हिरवागार, खिडकीतून गार वारा, अंगणात हायड्रेंजिया. नवरा म्हणाला, "घेऊन टाकू." छपराचा उतार कुठल्या बाजूला आहे, हे दोघांनीही पाहिलं नाही.

पहिल्या जानेवारीत ते कळलं. रात्री दोनला छपरावरचा सगळा बर्फ एकदम सुटला आणि शेजाऱ्यांच्या उभ्या गाडीवर गेला. आवाज असा, की मला वाटलं भूकंप झाला. सकाळी मी मान खाली घालून शेजारी गेले. त्यांनी चहा दिला, गाडीबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यानेच मला जास्त लाज वाटली. पुढच्या उन्हाळ्यात छपराला युकिदोमे, म्हणजे बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या बसवल्या. आता बर्फ खाली घसरत नाही, तो वर साचतो आणि दर काही दिवसांनी आम्हालाच वर चढून काढावा लागतो. ऑगस्टातल्या त्या दुपारची किंमत आम्ही अजून फेडतोय.

मी राहते नीगाता प्रांतातल्या म्योको शहरात, आकाकुरा ओन्सेनला. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे. त्याआधी अकरा वर्षं तोक्योत होते, नवऱ्याची नोकरी संगणकातली. २०१७ साली आठ खोल्यांचं जुनं पेन्शन घेतलं. इथे पेन्शन म्हणजे पाश्चात्त्य धाटणीचं छोटं घरगुती हॉटेल, निवृत्तिवेतन नव्हे. यंदाचा हा नववा हिवाळा. "आम्हालाही असं काही करायचंय" म्हणून बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

जपानी समुद्राच्या बाजूचा हा भाग असा बर्फाने का भरतो, ते आधी समजून घ्या, कारण तुमचा सगळा खर्च त्यावर ठरतो. सायबेरियातून कोरडा, गोठवणारा वारा येतो. समुद्रात त्सुशिमाचा उबदार प्रवाह असतो. त्यावरून येताना वारा पाणी पितो आणि डोंगराला धडकला की सगळं इथे ओततो. कोकणात सह्याद्री जे पावसाचं करतो, तेच हे डोंगर बर्फाचं करतात. खाली ताकादा शहरात २६ फेब्रुवारी १९४५ ला ३७७ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे, आणि ताकादा सपाटीवर आहे, डोंगरावर नव्हे. ऑस्ट्रियाच्या मेजर लेर्खने जानेवारी १९११ मध्ये जपानी सैनिकांना स्की शिकवलं तेही त्याच ताकादात. आणि आपल्या माणसांना आवडेल अशी एक गोष्ट: टागोरांचे मित्र, भारतात राहून गेलेले ओकाकुरा तेनशिन १९१३ साली या आकाकुरातच वारले. मी गावात नवी होते तेव्हा "भारतातून आले" म्हटलं की म्हातारी माणसं तेनशिन यांचं नाव घ्यायची. ओळख करून द्यायला तेवढं पुरायचं.

घर घेताना

जुनी पेन्शनं स्वस्त का मिळतात? ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला जपानात स्कीची लाट होती. तेव्हा पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांनी कर्ज काढून ही घरं बांधली. आता ते सत्तरी-ऐंशीत आहेत, मुलं तोक्योत, आणि छपरावर चढायला कोणी नाही. परदेशी माणसाला जपानात जमीन आणि घर स्वतःच्या नावावर घेता येतं, त्यासाठी व्हिसासुद्धा लागत नाही. पण घर घेतलं म्हणून राहायचा व्हिसा मिळत नाही. या दोन वाक्यांमध्ये पुष्कळांचे पैसे अडकलेत.

बघताना मी आता काय बघीन ते सांगते. पहिलं छप्पर. ते बर्फ आपोआप सोडणारं आहे, बर्फ पेलून धरणारं आहे की खाली नळ्या टाकून वितळवणारं आहे? सोडणारं असेल तर बर्फ कुठे पडणार? आणि पडून साचलेला ढीग वळचणीला भिडला तर? भिडला की छपरावरचा आणि खालचा बर्फ एक होतो, आणि ढीग खचताना वळचण ओढून मोडतो. म्हणून खालून वेळच्या वेळी कापून मोकळं ठेवावं लागतं.

दुसरं, बांधकाम जून १९८१ च्या नव्या भूकंप-नियमांच्या आधीचं की नंतरचं. १ जानेवारी २०२४ ला दुपारी चारनंतर नोतोचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडे सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. कपाटातल्या कपबश्या गेल्या, घराला काही झालं नाही. आमचं घर १९८६ चं आहे. त्या दिवसापासून मी ती तारीख आधी विचारते.

तिसरं, ओन्सेनचं पाणी. जाहिरातीत "गरम पाण्याचे झरे" लिहिलेलं असतं, पण ते पाणी जमिनीबरोबर मिळतंच असं नाही. पुरवठ्याचा वेगळा करार असतो, नाव बदलायचे पैसे असतात, दरमहा आकार असतो. आमच्या दलालाने हे सही करायच्या आदल्या दिवशी सांगितलं. चौथं, मैलापाणी गावाच्या गटारात जातं की जोकासोत, म्हणजे अंगणातल्या शुद्धीकरणाच्या टाकीत. जोकासो असेल तर वर्षाची तपासणी आणि उपसा कायद्याने करावाच लागतो. बॉयलरचं वय विचारा. आमच्या बॉयलरने पहिल्याच २८ डिसेंबरला मान टाकली.

व्हिसा

इथे थोडक्यात, पण नीट वाचा, कारण जुनी माहिती अजून सगळीकडे फिरते. पूर्वी व्यवसाय-व्यवस्थापनाच्या व्हिसाला पन्नास लाख येन भांडवल चालायचं. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ते तीन कोटी येन झालंय. शिवाय किमान एक पूर्णवेळ कर्मचारी हवा, आणि तो जपानी, कायम रहिवासी वगैरे असायला हवा. तुम्हाला किंवा तुमच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याला बऱ्यापैकी जपानी यायला हवं, जपानी भाषेच्या परीक्षेतल्या साधारण एन-टू पातळीचं. व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अनुभव किंवा त्या विषयातली पदव्युत्तर पदवी हवी, आणि व्यवसायाचा आराखडा तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला हवा. ज्यांच्याकडे हा व्हिसा आधीपासून आहे त्यांना तीन वर्षांची सवलत आहे. आम्हाला कायम वास्तव्य मिळालेलं होतं म्हणून या चरकातून सुटलो. तुम्हाला नसेल तर घर बघण्याआधी ग्योसेइशोशीकडे जा. परवाने आणि व्हिसाचे कागद करून देणारा हा अधिकृत माणूस असतो. त्याची फी देताना जीवावर येतं, तरी द्या.

परवाने

प्रवाशांना पैसे घेऊन ठेवायचं तर दोन वाटा आहेत. एक र्योकान कायद्याखालचा, म्हणजे हॉटेल-लॉजच्या कायद्याखालचा परवाना. दुसरी मिनपाकू, म्हणजे राहत्या घरात पाहुणे ठेवायची २०१८ पासूनची सोय. तिच्यात वर्षाला १८० दिवसांचीच परवानगी असते. स्कीचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे १८० दिवस पुरतात, असा हिशेब लगेच डोक्यात येतो. पण काही प्रांतांनी आणि गावांनी आपापल्या नियमांनी ते दिवस आणखी कापलेत, आणि नेमके गर्दीच्या काळातले. गावच्या कचेरीत विचारल्याशिवाय त्या हिशेबावर घर घेऊ नका.

आम्ही र्योकान कायद्यातला साध्या निवासाचा, कान्इ-शुकुशोचा परवाना घेतला. पाहुण्यांच्या खोल्यांचं एकूण क्षेत्र ३३ चौरस मीटर हवं. दहापेक्षा कमी माणसं ठेवणार असाल तर माणशी ३.३ चौरस मीटर. परवाना देतं होकेन्जो, म्हणजे आरोग्य केंद्र. पण होकेन्जो तुमच्याकडून अग्निशमन दलाचं पत्र मागतं, आणि खरी परीक्षा तिथे असते. म्हणून नकाशा घेऊन आधी अग्निशमन कचेरीत जा, मग होकेन्जोत, आणि सुताराला शेवटी बोलवा. आम्ही उलटं केलं. नव्या भिंती उभ्या राहिल्यावर कळलं की आगीची आपोआप वाजणारी घंटा प्रत्येक खोलीत हवी, बाहेर पडायच्या वाटेवर हिरवे दिवे हवेत, आणि पडदे-गालिचे न पेटणारे, शिक्का असलेले हवेत. मी आवडीने शिवून घेतलेले आठ खोल्यांचे खादीचे पडदे अजून पेटीत आहेत. घराचा वापर बदलत असाल आणि क्षेत्र २०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर बांधकाम खात्याची मंजुरी वेगळी.

जेवण देणार असाल तर खानावळीचा परवाना आणि घरातल्या एकाने अन्नस्वच्छतेचा एक दिवसाचा वर्ग करायचा. हा वर्ग जपानीत असतो, पण चित्रं भरपूर असतात. जेवणाबरोबर पेल्यातून दारू द्यायला वेगळा परवाना लागत नाही. बंद बाटली विकायला लागतो. लोणच्याचंही तसंच. माझं लिंबाचं लोणचं ऑस्ट्रेलियन पाहुण्यांना फार आवडतं, बरणी विकत मागतात. पण विकायची लोणची करायला जून २०२४ पासून वेगळा परवाना आणि त्यासाठी वेगळी जागा लागते. या नियमापायी आसपासच्या कितीतरी आज्यांनी बाजारात लोणची विकणं सोडलं. ताटात वाढते, बरणी देत नाही.

जपानात पत्ता नसलेल्या प्रत्येक परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत काढून ठेवायची. नोंदवही तीन वर्षं जपायची. ओन्सेनच्या आंघोळीचा कर पाहुण्याकडून घेऊन गावाला भरायचा, बहुतेक ठिकाणी तो माणशी दिवसाला १५० येन असतो. आणि स्टेशनवरून पाहुणे आणताना गाडीचे वेगळे पैसे घेऊ नका. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडं घेणं हा इथे गुन्हा आहे. फुकट आणलं तर चालतं.

आता बर्फ

खरं काम हे आहे. लॉज, पाहुणे, पॅनकेक हे सगळं त्यातून उरलेल्या वेळात करायचं.

ताजा बर्फ कापसासारखा असतो. तो बसला, खचला की एका घनमीटरचं वजन तीनशे किलोच्या घरात जातं, ओला झाला की त्याहून पुष्कळ जास्त. आमचं छप्पर १२० चौरस मीटर. त्यावर मीटरभर बसलेला बर्फ म्हणजे ३६ टन. ही बेरीज मी पहिल्या हिवाळ्यात कागदावर केली आणि त्या रात्री वरच्या मजल्यावर झोपले नाही. दारं घट्ट होऊन सरकेनाशी झाली की छपरावर फार झालं असं समजायचं. हे समोरच्या आजोबांनी शिकवलं.

युकिओरोशी, म्हणजे छपरावरून बर्फ उतरवणं. एकट्याने कधीही करू नका. दरवर्षी बर्फात जी माणसं दगावतात त्यांतली बहुतेक बर्फ काढतानाच दगावतात, आणि त्यांत म्हातारी माणसं जास्त. हेल्मेट, कमरेला दोर, शिडी वरच्या टोकाला बांधलेली, खिशात फोन, आणि खाली एक माणूस. छपराचा पत्रा दिसेपर्यंत खरवडू नका, वीतभर बर्फ राहू द्या, नाहीतर पाय सरकतो. काठावर वाऱ्याने पुढे आलेली बर्फाची झालर असते, तिच्यावर पाऊल टाकू नका, खाली काही नसतं. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे कडाक्याच्या थंडीनंतर ऊन पडलेली छानशी दुपार. तेव्हा हुरूप येतो आणि तेव्हाच अख्खं छप्पर सुटतं. आता नवरा पन्नाशीपुढे गेला, म्हणून हंगामात तीन-चारदा गावातल्या सुतारांना सांगतो. माणशी दिवसाला वीस हजार येनच्या वर जातात. ऑक्टोबरातच सांगून ठेवा. मोठा बर्फ पडल्यावर फोन केला तर तुमचा नंबर विसावा असतो.

जमिनीवरच्या बर्फाला बर्फ उडवणारं यंत्र घ्या. आम्ही जुनं घेतलं, दोन वर्षांनी रडलो, मग नवं घेतलं. तोंडात बर्फ अडकला तर इंजिन बंद करून काठीने काढायचा, हाताने कधीच नाही. यंत्र थांबलंय असं वाटतं, पण आतलं पातं ताणलेलं असतं. बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. यंत्र पोचत नाही तिथे मामासान डंप वापरा. मोठ्या सुपासारखं, दोन हातांनी ढकलायचं हे फावडं. घरातल्या बाईलाही झेपेल म्हणून असं नाव पडलं म्हणतात. मला नाव आवडत नाही, फावडं फार आवडतं.

दिवस असा जातो. गावाचा नांगर, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, पहाटे तीन-चारला रस्ता साफ करून जातो आणि आपल्या दारात गुडघाभर कडक बांध टाकून जातो. हा बांध ताज्या बर्फासारखा नसतो, दोन तासांत दगड होतो. म्हणून साडेचारला उठायचं. आधी हीटरच्या बाहेरच्या नळकांड्या मोकळ्या करायच्या, मग दार, मग रस्ता. नळकांडी बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. आम्ही प्रत्येक मजल्यावर त्याचे मापक लावलेत आणि वाटेवर लाल काठ्या रोवल्यात, म्हणजे बर्फाखाली नळकांडं कुठे आहे ते अंधारातही कळतं. पाहुण्यांनाही सांगायचं, बर्फात अडकलेल्या गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपू नका. डिसेंबर २०२० मध्ये कान्एत्सु महामार्गावर दोन हजारांवर गाड्या अडकल्या होत्या, त्यानंतर ही गोष्ट कोणाला पटवावी लागत नाही.

पाहुण्यांच्या गाड्यांचं आणखी थोडं. रात्री वायपर उभे करून ठेवायचे. हँडब्रेक लावायचा नाही, गोठून बसतो. आणि डिझेल गाडी असेल तर टाकी तोक्योत भरून आणायची नाही, वाटेत अर्धी ठेवून इथे येऊन भरायची. उबदार भागात मिळणारं डिझेल इथल्या थंडीत घट्ट होतं. इथल्या पंपावर थंडीचं वेगळं डिझेल असतं. एका भल्या माणसाची सुट्टीतली दोन दिवसांची स्की यात गेली.

रॉकेलला इथे तोयु म्हणतात. आमची टाकी ४९० लिटरची आहे, जानेवारीत दहा-बारा दिवस पुरते. तोयुवाला आपोआप येऊन भरेल असा करार करा. काटा बघायला बर्फ उकरत जावं लागतं, आणि त्यामुळे कोणी बघत नाही.

पाणी. रिकाम्या खोल्यांतलं पाणी रात्री काढून टाकायचं. याला मिझुनुकी म्हणतात. मुख्य झडप फिरवायची, मग सगळे नळ उघडायचे, संडासाची टाकी रिकामी करायची, भांड्यात न गोठणारं द्रव ओतायचं. मग ते नळ उघडेच राहतात, आणि सकाळी कोणीतरी झडप उघडतं. आमच्याकडे हे दोनदा झालंय. दुसऱ्यांदा खालच्या खोलीत सिंगापूरचं जोडपं झोपलं होतं. आता झडपेला लाल चिठ्ठी अडकवलेली असते, तिच्यावर मराठीत लिहिलंय: "आधी नळ बघ." ती फक्त आम्हा दोघांनाच वाचता येते, हेच बरं.

विमा घेताना बर्फाचं नुकसान धरलंय का ते स्पष्ट विचारा. आगीचा विमा सगळेच घेतात, पण त्यात बर्फ आहे की नाही हे वळचण मोडल्यावर कळून उपयोग नाही.

माणसं

पहिल्या आठवड्यात घरोघरी जाऊन नमस्कार करा. हातात काहीतरी छोटं असू द्या. इथे टॉवेल किंवा सोबाच्या शेवया देतात. मी बेसनाचे लाडू नेले. समोरच्या आजी म्हणाल्या, "किनाको?" किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या अजून त्यांना किनाकोचेच लाडू म्हणतात.

चोनाइकाईत, म्हणजे वस्तीच्या मंडळात नाव घाला आणि वर्गणी भरा. काइरानबान येते, सूचनांची फाईल घरोघर फिरते. वाचून शिक्का मारून त्याच दिवशी पुढच्या घरी पोचवा. तुमच्या घरी ती चार दिवस पडून राहिली की सगळ्या आळीला कळतं. कचऱ्याचे दिवस आणि पिशव्या ठरलेल्या आहेत. पाहुणे चुकीच्या दिवशी बाटल्या टाकतात आणि बोलणी आपण खातो, म्हणून कचरा पाहुण्यांच्या हाती देऊच नका. आपला बर्फ रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या जागेत ढकलू नका. तो कुठे टाकायचा याची प्रत्येक घराची कित्येक वर्षांची जागा ठरलेली असते, पण नकाशावर लिहिलेली नसते. विचारा. आम्ही पहिल्या वर्षी ज्या खड्ड्यात बर्फ टाकला तिथे एका आजोबांचा डाइकोनचा, म्हणजे पांढऱ्या मुळ्याचा वाफा होता.

पाहुणे

जपानी कुटुंबांना एक रात्र, दोन जेवणं हवी असतात. ऑस्ट्रेलियन सात-आठ रात्री राहतात आणि संध्याकाळी बाहेर जातात. आम्ही दोन वर्षं रात्रीचं जेवण दिलं आणि दोघं आजारी पडलो. आता फक्त न्याहारी, आणि शनिवारी वरण-भात, भाजी, चिकनचा रस्सा. शाकाहारी पाहुण्यांना आधीच सांगते: बाहेरच्या सूपमध्ये भाजीच दिसली तरी खाली दाशी, म्हणजे सूपचा मूळ अर्क असतो, आणि दाशीत बहुधा मासा असतो.

सगळ्यात जास्त पैसे सुकवण्याच्या खोलीवर घाला. ओले बूट, ओले मोजे आणि आठ खोल्यांचा घाम. तिथे जोरदार हीटर आणि ओलावा ओढणारं यंत्र नसेल तर गादी कितीही मऊ असो, पाहुणा परत येत नाही. दुसरं म्हणजे कामेमुशी. हे हिरवे-तपकिरी, उग्र वासाचे ढेकणासारखे किडे ऑक्टोबरात घराच्या फटीत शिरतात आणि जानेवारीत खोली गरम झाली की दिव्याभोवती फिरतात. चिरडायचे नाहीत, व्हॅक्यूमने ओढायचे नाहीत, वास आठवडाभर जात नाही. चिकटपट्टीवर अलगद घेऊन पट्टी दुमडायची. प्रत्येक खोलीत पट्टीचा एक गुंडाळा ठेवलाय आणि सोबत चित्र काढलेली सूचना. पाहुण्यांनी सर्वांत जास्त फोटो त्या सूचनेचे काढलेत.

मदतीला माणसं हवीत तर हंगामी कामाला वर्किंग हॉलिडे व्हिसावरची मुलं येतात, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स अशा देशांतली. भारताशी जपानचा तसा करार नाही, म्हणून पुतण्याला बोलावता आलं नाही. या हंगामी मुलांना राहायला खोली द्यावी लागते, म्हणजे आठातली एक खोली गेली असं समजून हिशेब करा.

हिशेबाचं एकच सांगते. २०१९-२० च्या हिवाळ्यात पाहुणे होते, बर्फ नव्हता. २०२०-२१ मध्ये ताकादात अडीच मीटरच्या आसपास बर्फ साचला, आणि सीमा बंद, परदेशी पाहुणा एकही नाही. आम्ही रिकाम्या घराच्या छपरावरचा बर्फ काढत होतो. एक संपूर्ण हंगाम बुडाला तरी कर्जाचे हप्ते आणि तोयु निघेल एवढे पैसे बाजूला नसतील तर घेऊ नका. नवऱ्याने संगणकाचं काम सोडलेलं नाही, म्हणून आम्ही अजून इथे आहोत.

नोव्हेंबर

कोकणातली आगोट ज्याला माहीत आहे त्याला हा महिना समजावून सांगायला नको. खिडक्यांवर फळ्या लावायच्या, त्याला युकिगाकोई म्हणतात, पावसाच्या तोंडावर झड बांधतात तसं. झुडपांना काठ्यांचा तंबू आणि दोर. नांगरवाल्याला कडा दिसावी म्हणून रस्त्याच्या काठाने उंच खांब. यंत्राचं तेल बदलायचं, यंत्र वाचवायला स्वतः तुटतो तो खिळा जास्तीचा आणून ठेवायचा, तो रविवारी पहाटेच तुटतो. गाड्यांना बर्फाचे टायर लावायचे, तेही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, नंतर गॅरेजला वेळ मिळत नाही.

याच सुमारास समोरचे आजोबा काठी टेकत आमच्या कुंपणाशी येतात आणि झाडांवर प्रार्थनाकीटकाची अंडी शोधतात. अंडी जेवढ्या उंचीवर, तेवढा बर्फ, असं इकडची जुनी माणसं मानतात. २०१९ मध्ये आजोबांनी छातीएवढं माप सांगितलं होतं आणि जानेवारीपर्यंत अंगणात गवत दिसत होतं. यंदा अंडी कमरेखालीच आहेत, "हलका जाईल," म्हणाले. मी हो म्हटलं आणि आत येऊन तोयुवाल्याला फोन केला: टाकी काठोकाठ भरून जा.